आमचे मूळ : कागदाची साक्ष आणि रक्ताची साक्ष

‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न आम्हा बेने इस्राएल लोकांच्या जणू पाचवीलाच पुजलेला आहे. कोकणात असताना त्याचे उत्तर सोपे होते. पेणकर पेणचा, रोहेकर रोह्याचा, किहिमकर किहिमचा, एवढ्यावर काम भागत असे. इस्राएलमध्ये गेल्यावर तोच प्रश्न अधिकाऱ्यांनी विचारला, तेव्हा तो इतका सोपा राहिला नाही. आणि आता अमेरिकेत आमची नातवंडेच तो विचारू लागली आहेत, आणि उत्तर पोस्टाने मागवू लागली आहेत.

दोन वर्षांपूर्वी येथे शॉमबर्गला, ऐन हिवाळ्यात, माझ्या नातीने अशीच एक नळी मागविली. त्या नळीत थुंकावयाचे, ती डबीत घालून परत पाठवावयाची, आणि काही आठवड्यांनी तुमच्या पूर्वजांची टक्केवारी तुमच्यासमोर हजर होते. नातीच्या निकालात बहुतेक सारा रंग हिंदुस्थानचा होता आणि पश्चिम आशियाचा एक लहानसा तुकडा होता. ‘ज्यू’ हा शब्द कोठेच नव्हता. शुक्रवारची संध्याकाळ होती, टेबलावर दिवे लावलेले होते. ती मला म्हणाली, “आजोबा, म्हणजे आपण खरे नव्हेच का?”

वर्षभराने त्याच कंपनीने आपला हिशेब सुधारला, तेव्हा तोच लहान तुकडा वाढलेला दिसला व त्याचे नावही बदलले. नात तीच आणि तिची थुंकीही तीच. बदलला होता तो तुलनेसाठी ठेवलेला नमुन्यांचा साठा. असा निकाल सांगतो तो एवढेच, की कंपनीजवळ ज्यांचे नमुने आहेत त्यांपैकी तुम्ही कोणासारखे दिसता. ज्या जमातीचे नमुने साठ्यात पुरेसे नाहीत, तिचे नाव निकालात कोठून येणार? नातीला मी हे समजावून सांगितले. पण तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे मलाही कळत होते. म्हणून आपल्या मुळाविषयी शास्त्रज्ञांनी आणि आपल्या जुन्या लोकांनी खरोखर काय लिहिले आहे, ते मी पुन्हा एकदा नीट वाचून काढले. त्या वाचनाचा हा ताळेबंद वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम कागदाकडे वळू. शॉमबर्ग हे आज मोठमोठी दुकाने आणि कचेऱ्या यांचे गाव आहे, पण त्याचा पाया जर्मन शेतकऱ्यांनी घातला. त्यांचे सेंट पीटर लुथरन चर्च १८४७ चे. १८५० च्या एका सभेत त्यांनी या वस्तीला आपल्या मायदेशातील शॉमबर्गचे नाव दिले. आपल्या लोकांनी गावाचे नाव स्वतःला लावून घेतले, यांनी आपल्या मुलखाचे नाव गावाला लावले. आठवण जपण्याची ओढ एकच. फरक आहे तो नोंदवहीत. या लोकांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू चर्चच्या वहीत लिहिले गेले, आणि त्यांच्या जर्मनीतील गावीही तशाच वह्या होत्या. रोझेल रस्त्यावरील येथील सार्वजनिक ग्रंथालयात वंशशोध करणाऱ्यांसाठी कार्यक्रम होत आले आहेत. अशा ठिकाणी माणूस वहीमागून वही धरून दोनशे-अडीचशे वर्षे मागे गेल्याचे सांगतो, तेव्हा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्यापाशी काय आहे? हिंदू शेजाऱ्यांचे नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्ये असतात. त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. आपल्याला तीही सोय नाही. आपली पहिली मशीद मुंबईत समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधली. रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथील मशिदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उभ्या राहिल्या. तेव्हा मशिदीच्या लग्ननोंदी आणि घराघरांतील केथुबा यांचा आधार साधारण तेथपासून पुढे मिळू शकतो. ज्यांचे पूर्वज मुंबईच्या लष्करात सुभेदार-जमादार होते, त्यांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात धागा लागण्याची शक्यता आहे. त्याही मागे गेले तर १७६८ साली कोचीनच्या यहेझकेल रहाबी यांनी लिहिलेल्या पत्रात आपल्या जमातीचा उल्लेख येतो : तेल गाळणारे, शब्बाथ पाळणारे, शमाखेरीज फारसे न जाणणारे लोक. म्हणजे कागदाची साक्ष फार ताणली तरी अडीचशे वर्षांची. आणि त्या पत्रात जमात आहे, कोणाचे कुटुंब नाही.

आडनावाचीही परीक्षा घेतली पाहिजे. ‘कर’ हा प्रत्यय पूर्वज कधीतरी त्या गावी राहत होते एवढेच सांगतो. ते तेथे कोठून आले, हे तो सांगत नाही. एकाच गावी राहिलेल्या दोन घरांचे आडनाव एक असले, तरी नाते असेलच असे नाही. भाऊ-भाऊ दोन गावी गेले तर नाते एक आणि आडनावे दोन, असेही घडू शकते. आडनाव म्हणजे मैलाचा दगड. प्रवास त्याच्या आधीही झालेला असतो.

कागद थांबतो तेथे परंपरा बोलू लागते. तिचे सर्वांत मोठे लेखक हाईम सॅम्युएल किहिमकर. त्यांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला मात्र १९३७ साली तेल अवीव येथे, त्यांच्या मृत्यूनंतर. गालीलातून निघालेले लोक, इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचा छळ, चौलजवळ फुटलेले गलबत, नवगावला किनाऱ्याला लागलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, आणि बुडालेल्यांची तेथेच केलेली दफने : हे सारे आपण त्यांच्याच मांडणीत ओळखतो. या ग्रंथाचे ऋण फेडता येणार नाही. आपल्या चालीरीती, सणवार, घरे आणि माणसे त्यांनी टिपून ठेवली नसती, तर पुढच्या विद्वानांना हाती धरावयास काही उरले नसते.

परंतु किहिमकर हे एकाच वेळी नोंद ठेवणारे आणि वकिली करणारे लेखक आहेत. आपली जमात प्राचीन आहे आणि शुद्ध आहे, हे त्यांना जगापुढे सिद्ध करावयाचे होते. त्यामुळे गलबताची कथा आणि तिचे साल यांत किती अंतर आहे, हे त्यांच्या पानांवरून लक्षात येत नाही. कथा लोकांच्या तोंडची. साल अभ्यासकाने इतिहासाशी मेळ घालून बसविलेले. शिवाय याच किनाऱ्यावर चित्पावनांतही समुद्राने किनाऱ्याला आणलेल्या चौदा देहांची कथा सांगतात. दोन्हीकडे आकडा चौदाच! कोणी कोणाकडून घेतली हे ठरविण्याच्या भरीला मी पडत नाही. पण अशा कथेतील आकडा म्हणजे खानेसुमारी नव्हे, एवढे मान्य केले पाहिजे. बेंजामिन जे. इस्राएल यांच्या १९८४ च्या अभ्यासग्रंथात परंपरेकडे अधिक सावधपणे पाहिलेले आहे, आणि ती सावधगिरी आपल्या अभिमानाच्या आड येत नाही, हे त्या ग्रंथाचे मोठेपण.

आता रक्ताची साक्ष. ती दोन टप्प्यांत आली. लंडनचे प्राध्यापक ट्यूडर पार्फिट यांच्या पुढाकाराने आपल्या पुरुषांचे नमुने घेण्यात आले आणि २००२ साली त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. ही तपासणी वाय गुणसूत्राची. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते, अगदी आडनावासारखे. त्यात काही पुरुषांमध्ये मध्यपूर्वेकडील खुणा आढळल्या, आणि कोहेन घराण्यांत वारंवार दिसणारी एक खूणही आढळली. झाले! बेने इस्राएल हे अहरोनाचे वंशज, असा गाजावाजा सुरू झाला. गंमत अशी की आपल्या जमातीत कोहेन-लेवी अशी परंपराच चालत आलेली नव्हती. ती खूण कोहेनांखेरीज इतर माणसांतही सापडते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. आणि आणखी एक साधा हिशेब करून पाहावा. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशावळीत १०२४ जागा भरतात. वाय गुणसूत्र त्यांपैकी एकाच पुरुषाची साक्ष देते. बाकीच्या १०२३ जणांविषयी ते मुके आहे.

पार्फिट आणि युलिया एगोरोवा यांनी २००६ साली यावर एक पुस्तक लिहिले. आफ्रिकेतील लेंबा लोक आणि आपण, अशा दोन जमातींची हकीकत त्यात आहे. पुस्तकाचा विषय रक्त कमी आणि रक्ताविषयीच्या बातम्या अधिक, असा आहे, आणि हाच त्याचा गुण. नमुने घेऊन विद्वान निघून जातात आणि लोकांना निकाल वर्तमानपत्रातून कळतो, ही नेहमीची रीत. येथे लेखक परत आले आणि लोकांना विचारते झाले, की या निकालाने तुमचे काय झाले? बहुतेकांचे म्हणणे एकच : आम्ही कोण हे आम्हाला आधीच ठाऊक होते, आता इतरांना पटले तर बरेच. या पुस्तकाविषयी माझी तक्रार एकच आहे. पुरुषांच्या खुणेवरून सारा बोलबाला झाला, तेव्हा बायकांचे काय, हा प्रश्न त्यात हवा तितक्या मोठ्याने विचारलेला नाही.

तो प्रश्न दुसऱ्या टप्प्यात पुढे आला. २००८ साली डोरॉन बेहार आणि सहकाऱ्यांनी ज्यू जमातींच्या मातृवंशाचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात आपल्या जमातीत थोड्याच मूळ मातांचा वंश पसरल्याचे आणि त्यात हिंदुस्थानी ठसा असल्याचे दिसले. नंतर मार्च २०१६ मध्ये येदाएल वाल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘प्लॉस वन’ या शास्त्रीय नियतकालिकात आला. बेने इस्राएल हाच ज्याचा विषय आहे, असा हा निबंध प्रत्येक घरात कोणीतरी वाचून इतरांना समजावून द्यावा, अशा योग्यतेचा आहे.

यात आपल्या १८ माणसांचे नमुने, आणि तुलनेला इतर ४१ ज्यू, हिंदुस्थानी व पाकिस्तानी समूहांतील ४८६ माणसांचे. निष्कर्ष थोडक्यात असे. आपण आसपासच्या हिंदुस्थानी लोकांसारखे आहोत, तरीही त्यांच्यात वेगळे उठून दिसतो. तपासलेल्या हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी समूहांत इतर ज्यूंशी लक्षणीय नाते फक्त आपले आहे. आपल्यात दोन्ही अंश आहेत, ज्यू आणि हिंदुस्थानी, आणि दोन्ही भरघोस आहेत. हा संगम १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा. ज्यू अंश अधिक करून पुरुषांकडून आला आणि हिंदुस्थानी अंश अधिक करून स्त्रियांकडून. त्यानंतर जमात एकदा फार लहान झाली आणि आपसांतल्या सोयरिकींनीच वाढली; त्यामुळे काही सुप्त आनुवंशिक विकारांचा धोका वाढू शकतो.

पिढी २५ ते ३० वर्षांची धरली तर १९ ते ३३ पिढ्या म्हणजे सुमारे पावणेपाचशे ते हजार वर्षे. हा आकडा पाहून कोणी म्हणाले, किहिमकर खोटे ठरले. हे घाईचे आहे. दोन वंशांचा मेळ झाला की दोघांचे लांबलांब तुकडे एकत्र येतात, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पत्ते पिसावे तसे ते तुटून लहान होत जातात. तुकड्यांच्या लांबीवरून मेळाचा काळ काढतात. म्हणजे हा काळ सोयरिकींचा आहे, गलबत किनाऱ्याला लागल्याचा नव्हे. सोयरिकी अनेक शतके होत राहिल्या असतील, तर हिशेब अलीकडच्या काळाकडे झुकतो. पूर्वज आधी येऊन बरीच शतके वेगळे राहिले असतील, किंवा हजार वर्षांपूर्वीच आले असतील. हा आकडा दोन्हींपैकी कशालाच नाही म्हणत नाही. शिवाय १८ माणसे म्हणजे जमातीचे ओझरते दर्शन. आणि सर्वांत महत्त्वाचे : हा निबंध जमातीविषयी आहे. तुमचे पणजोबा थळचे की झिराडचे, हे त्यातून कधीच कळणार नाही.

तरीही एक गोष्ट या निबंधाने अशी सांगितली आहे की जी आपण टाळू नये. किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांच्याच वंशाने जमात झाली असती, तर हिंदुस्थानी अंश इतका दिसला नसता. आणि बायकांविषयीचा निष्कर्ष केवळ तर्क नाही. एक्स नावाचे गुणसूत्र स्त्रीपाशी दोन असते, पुरुषापाशी एक. म्हणून जमातीतील त्याचा मोठा वाटा स्त्रियांच्या हातून पुढे जातो. त्या गुणसूत्रावर आपला हिंदुस्थानी अंश इतर गुणसूत्रांपेक्षा अधिक दिसतो. सरळ मराठीत सांगावयाचे तर, आपल्या आद्य आयांपैकी पुष्कळजणी याच भूमीच्या होत्या.

आता वाचकांनी क्षणभर थांबून जुनी गोष्ट आठवावी. आपल्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यांची आई बाहेरची ते काळे, असे मानले जाई. त्यांच्याशी सोयरीक नाही, एकत्र जेवण नाही, मशिदीतही त्यांना कमी लेखलेले. हा भेद आज मेला असे आपण म्हणतो. पण लग्नाची बोलणी चालू असता ‘तसे ते चांगले आहेत, पण...’ असे अर्धे वाक्य मी स्वतः लहानपणी ऐकले आहे. ज्या कारणासाठी आपण आपल्याच भावांना पंक्तीबाहेर बसविले, ते कारण सर्वांच्याच घरात निघाले! शतकानुशतके आपसांत लग्ने केलेल्या एवढ्याशा जमातीत कोकणी आई एकाच्या वाट्याला आणि दुसऱ्याच्या नाही, असे होणे कठीण. मला विचाराल तर या संशोधनातील खरी बातमी ही. पण मध्यपूर्वेकडील बापाचा आनंद साजरा करताना आपल्यापैकी कितीजणांनी ती मोठ्याने वाचली?

यावर कोणी भीतीने म्हणेल, की असे छापू नका, पुन्हा आपल्यावर बोट दाखवतील. ही भीती पोकळ नाही. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीतून सूचना निघाली, की बेने इस्राएल माणूस इतर ज्यूशी लग्न करू पाहील तर त्याची आई, आजी आणि त्याही मागच्या पिढ्या शक्य तितक्या तपासाव्यात. कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या आजीचा कागद कोठून आणावा? आपले लोक रस्त्यावर आले, यरुशलेमला ठाण मांडून बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्‍नेसेटने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे सांगितले आणि त्या सूचनेतून आपल्या जमातीचे नाव काढले गेले. त्या लढ्याचा धडा मी असा घेतो : तो रक्त तपासून जिंकलेला नाही. जे लोक हजारो मैलांवर, शिकविणारा कोणी नसता, शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेतात, आठव्या दिवशी सुंता करतात आणि शमा विसरत नाहीत, त्यांना पुरावा मागणे हाच अन्याय आहे, या बळावर तो जिंकला. आता आपणच नळी पुढे करून ‘पाहा, आम्ही इतके टक्के’ म्हणू लागलो, तर उद्या ज्याची टक्केवारी कमी भरेल त्याचे काय? रक्ताचा दाखला आज बाजूने लागला म्हणून स्वीकारला, तर तो उलट लागेल त्या दिवशीही स्वीकारावा लागेल.

त्या कोकणी आयांचाच विचार करा. त्या घरात आल्या तेव्हा कोणते विधी झाले याचा कागद नाही. पण शब्बाथची चूल कोणाच्या हाती होती? पेसाहची भांडी कोण वेगळी ठेवीत होते? एलियाहू हन्नाबीचा मलिदा कोण कालवीत होते? पुरुष घाण्यावर आणि पुढे लष्करात असताना या गोष्टी टिकल्या, त्या बायकांच्या हातून टिकल्या असल्या पाहिजेत. शाबुओथला आपण रूथचे पुस्तक वाचतो. मवाबातून आलेली ती सून दावीद राजाची पणजी झाली, याचा आपल्याला कधी संकोच वाटला नाही. मग चौल-नवगावच्या रूथचा का वाटावा?

तेव्हा माझा निर्णय असा. कागद अडीचशे वर्षे सांगतो आणि माणसे सांगतो. रक्त पाचशे ते हजार वर्षे सांगते आणि फक्त सरासरी सांगते. परंपरा दोन हजार वर्षे सांगते आणि आपण स्वतःला काय समजत आलो ते सांगते. ज्याला जे ठाऊक आहे तेवढेच त्याला विचारावे. आणि या तिघांतही एक उणीव समान आहे. आडनाव बापाचे, केथुब्यात वधूच्या नावापुढे तिच्या बापाचे नाव, थडग्यावर ‘अमक्याची पत्नी’, आणि परंपरेतल्या सात स्त्रियांपैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. गुणसूत्र त्यांची आठवण ठेवते, पण तेही बिननावाने.

म्हणून त्या नातीला घेऊन मी एक साधी वही केली. आई, आजी, पणजी : प्रत्येकीचे माहेरचे नाव, माहेरचे गाव, मशीद कोणती, दफन कोठे. ती इंग्रजीत लिहिते, मी खाली मराठीत लिहितो. तीन पिढ्यांवर माझी लेखणी अडली. ज्या बाईच्या मांडीवर माझे वडील वाढले, तिच्या माहेरचे गाव मला ठाऊक नव्हते. लोदला राहणाऱ्या एका वृद्ध आतेबहिणीला फोन केला. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “अरे, ती वाक्रुळची. आंब्यांच्या दिवसांत तिचा भाऊ पाटी घेऊन यायचा.” वही एका ओळीने पुढे सरकली.

नातीने ते नाव लिहिले आणि विचारले, वाक्रुळ नकाशात कोठे आहे. आम्ही पेणजवळ शोधून काढले. ‘आपण खरे आहोत का’ हे तिने त्यानंतर पुन्हा विचारलेले नाही.

वाचकहो, आपल्या घरी अजून कोणी वृद्ध आत्या-मावशी असेल तर हा अंक खाली ठेवून आधी तिला फोन करा. नळी पुढच्या वर्षीही मिळेल.